चोवीस दिवसांचं विरजण

दसरा उलटून आठवडा झाला की आमच्या कांदिवलीच्या घरात दही दुपारपर्यंत आंबतं. सकाळी झाकण काढावं तर कवडी पडेल असं घट्ट आणि गोड. कामं आवरून जेवायला बसेपर्यंत त्यालाच कडेने पाणी सुटलेलं, चव जिभेला झिणझिण्या आणणारी. पाऊस गेलेला असतो, थंडी यायची असते, आणि मधल्या चार-पाच आठवड्यांत पंख्याखालीही पाठ कोरडी राहत नाही. लोक याला ऑक्टोबर हीट म्हणतात. मी मनातल्या मनात याला सुषमाचा ऑक्टोबर म्हणते.

रेवा आणि ईशान, ही सुषमा कोण ते तुम्हाला सांगते. पण आधी रेवाने मागच्या रविवारी काय केलं ते. तिने तिकडून व्हिडिओ कॉलवर मला एक फोटो दाखवला: काचेसारखी दिसणारी गोल ताटली, तिच्यावर टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे ठिपके, आणि शेजारी वहीत काढलेलं एक वर्तुळ, त्याच्या परिघावर रंगीत बाण. म्हणाली, "आजी, याला प्लास्मिड म्हणतात. तुला समजावून सांगू का?" मी म्हटलं, सांग. तिने वीस मिनिटं फार छान सांगितलं. मागे तुमची आई तोंडावर हात धरून हसत होती, पण बोलली नाही. शहाणी आहे.

तर रेवाबाई, ते वर्तुळ माझ्या हातात पहिल्यांदा आलं तेव्हा तुझी आई तिसरीत होती. ते आलं टपालाने, परदेशी तिकिटांच्या निळ्या पाकिटातून. पाकिटात टाइप केलेलं दोन ओळींचं पत्र होतं आणि सेलोफेनमध्ये गुंडाळलेला टीपकागदासारख्या कागदाचा एक तुकडा. त्यावर पेन्सिलीने एक गोल काढलेला. बाकी काही नाही. आमच्या प्रयोगशाळेतल्या लोबोने तो उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला आणि विचारलं, "बाई, पाकीट रिकामं आलं काय?"

रिकामं नव्हतं. गोलाच्या आत प्लास्मिडचा एक थेंब टाकून वाळवलेला होता. कागद तेवढा कापायचा, पाण्यात बुडवायचा, की ते पाण्यात उतरतं. अर्धं जग ओलांडून, टपालाच्या थैल्यांमध्ये चेंगरून, उन्हात तापून आलेलं आणि तरी शाबूत. मी त्या दिवशी तो तुकडा चिमट्यात धरून किती वेळ बघत बसले होते. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, बी.एस्सी. झालेली बाई मी, चमत्कारांवर माझा विश्वास नव्हता. त्या कागदावर बसला.

आमची प्रयोगशाळा अंधेरी पूर्वेला होती, एका बाजूला रबराचा कारखाना आणि दुसऱ्या बाजूला शिंपल्यांची बटणं करणारी शेड. खिडकी उघडली की जळक्या रबराचा वास, बंद केली की आमचा स्वतःचा: जंतूंसाठी शिजवलेल्या मांसाच्या अर्काचा, स्पिरिटचा आणि लोबोच्या ऑटोक्लेव्हच्या वाफेचा. तो ऑटोक्लेव्ह म्हणजे माणूस आत बसेल एवढा प्रेशर कुकर. लोबो गोराईचा, पन्नाशीचा, रोज सकाळी खाडी ओलांडून यायचा आणि त्या कुकरशी भांडायचा. माझं काम जंतूंचे सगळे वाण सांभाळणं, त्यांचं खाणं तयार करणं आणि रजिस्टर ठेवणं. रजिस्टरला हिरवी कापडी पाठ. केलेल्या कामाला निळी शाई. वाण मेला, बिघडला, हरवला तर लाल. चौदा वर्षांत माझ्या स्वतःच्या चुकीने एकही लाल ओळ लिहिली नव्हती, आणि मला त्याचा फार अभिमान होता. नको तेवढा.

प्लास्मिडमध्ये मला काय एवढं आवडलं, ते रेवाला ठाऊक असेल, ईशानसाठी सांगते. जंतूच्या पोटात त्याची स्वतःची मोठी पोथी असते, सगळा संसार कसा करायचा ते सांगणारी. प्लास्मिड ही वेगळी चिठ्ठी, गोल, टोक नसलेली. जंतू दोन झाला की चिठ्ठीच्याही नकला होतात, कारण नक्कल कुठून सुरू करायची ती जागा तिच्यावरच लिहिलेली असते. आपल्याला हवं ते प्रथिन बनवण्याची कृती त्या वर्तुळात शिवायची आणि चिठ्ठी साध्या, निरुपद्रवी ई. कोलाय जंतूला द्यायची. मग तो आपल्यासाठी ते बनवतो, जे त्याच्या काहीच उपयोगाचं नाही.

आता तो कशाला हे ओझं वाहील? म्हणून वर्तुळात एक लाच ठेवलेली असते. अँपिसिलिन या औषधाने जंतू मरतात. पण चिठ्ठीवर ते औषध फोडून टाकणारं एन्झाइम कसं करायचं तेही लिहिलेलं असतं. म्हणजे औषध घातलेल्या खाण्यात ज्याच्याकडे चिठ्ठी तो जगतो, नसेल तो मरतो. आणि याहून मला आवडायचं ते बटण. प्रथिन बनवायला कधी लागायचं ते आपण ठरवायचं. बटण मुळात जंतूचं स्वतःचं, दुधातली साखर समोर आली तरच ती खाण्याची तयारी सुरू करणारं. कुणीतरी ते उचलून आपल्या वर्तुळात बसवलं. जंतू भरपूर वाढू द्यायचे आणि मग दुधातल्या साखरेसारखं दिसणारं, पण त्यांना खाता न येणारं एक रसायन चिमूटभर टाकायचं. त्यांना वाटतं दूध आलं. आणि ते आपलं प्रथिन बनवत सुटतात. ज्यांनी हे असं विचार करून जुळवलं, त्यांच्या घरचा स्वयंपाक कसा असेल असा प्रश्न मला पडायचा. नीटनेटका असणार.

सुषमा आमच्याकडे पीएच.डी.साठी आली तेव्हा चोवीस वर्षांची होती. बुलढाण्याकडचं कुटुंब, दोन पिढ्या घाटकोपरला. वडील रेल्वेच्या कारखान्यात फिटर. बोलणं फटाफट, चालणं त्याहून. चाळीस माणसांच्या चाळीत अभ्यास केलेली मुलगी. तिला आवाजाचा त्रास होत नसे, शांततेचा होई. एकटी काम करत असली की स्वतःशी पुटपुटायची. तिचं काम कुष्ठरोगाच्या जंतूवर होतं. हा जंतू मोठा हट्टी. त्याला काचेच्या भांड्यात काहीही खायला घाला, तो वाढत नाही, मग त्याचा अभ्यास करायचा कसा? म्हणून त्याच्या एका प्रथिनाची कृती त्या टपालाने आलेल्या वर्तुळात शिवायची, ई. कोलायकडून ते बनवून घ्यायचं, आणि रोग लवकर ओळखण्यासाठी रक्ताच्या चाचणीत त्याचा उपयोग होतो का ते पाहायचं. दीड वर्ष ती तेवढी एक शिवण घालत होती. शिवण म्हणजे काय, डोळ्यांना काही दिसतच नाही, सगळं थेंबाथेंबात. श्रावणात एकदाची ती जमली. तपासणीची पट्टी उजेडाच्या पेटीवर ठेवून ती माझ्याकडे वळली आणि हळूच म्हणाली, "बाई, झकास."

त्या दिवशी मी एक बारीकसं काम केलं, निव्वळ हौसेने. तिच्या नव्या प्लास्मिडचा एक थेंब टीपकागदावर टाकला, वाळवला, भोवती पेन्सिलीने गोल काढला आणि रजिस्टरच्या त्या पानावर चिकटवून टाकला. परदेशातल्या लोकांनी केलं तसं. त्यांचा नीटनेटकेपणा मला आवडला होता, म्हणून उचलला. आणि विसरून गेले.

मग ऑक्टोबर आला आणि उणे सत्तर अंशांचा फ्रीझर बंद पडला. शनिवारी दुपारी कधीतरी बंद पडला आणि सोमवारी आम्हाला कळलं. आत बर्फाऐवजी पाणी, कुप्यांवरची नावं पुसटलेली, ज्यात सुषमाचे जंतू जपून ठेवले होते ते सगळं कोमट. सुट्या भागासाठी दोन महिने थांबायचं होतं. शुद्ध केलेलं तिचं प्लास्मिड तपासण्यांत थेंब थेंब करून संपलेलं. तिच्या हातात त्या वेळी एकच जिवंत नळी होती, त्या आठवड्यात वाढवलेली. आमचे प्रमुख खोत सर मला म्हणाले, "सामंतबाई, ही तेवढी जिवंत ठेवा." आणि मी ठेवली.

कशी ठेवली ते समजायला तुम्हाला माझ्या सासूबाई माहीत हव्यात. तुमच्या पणजी. त्या वेंगुर्ल्याहून लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्यासोबत चिनी मातीच्या सटातलं विरजण आलं, असं त्या सांगत. रोज दही लावायच्या आधी, कुणी जेवायच्या आधी, एक चमचा बाजूला. आजच्यातून उद्याचं, उद्याच्यातून परवाचं. शेजारणीकडून विरजण मागून आणायची वेळ त्यांनी कधी येऊ दिली नाही, आणि ते त्या चारचौघांत सांगत. माझ्या लग्नानंतर आठव्या दिवशी ते काम माझ्याकडे आलं. घरात फ्रीज आला तरी विरजण त्यात गेलं नाही. फ्रीजमध्ये ठेवतात ते शिळं, अशी आमच्या घरातली समजूत. आणि चमचा भरून घ्यायचा, शिगोशीग. थोडं घेतलं तर दही लागत नाही, लागलं तर तार येते.

तर मी सुषमाचे जंतू तसेच सांभाळले. प्रयोगशाळेचा फ्रीज चालू होता. ताटलीवर पसरून त्यात ठेवले असते तर महिनाभर नीट राहिले असते. ते माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मी रोज सकाळी साडेनऊला कालच्या नळीतलं आजच्या ताज्या खाण्यात घातलं. पद्धत अशी की तारेच्या बारीक कडीने नुसता स्पर्श करायचा. मला तो चिंधीचोरपणा वाटला. एवढी मोलाची नळी, तिला कडीच्या टोकावर कशाला टांगायचं? मी भरपूर घातलं. अँपिसिलिन रोज न चुकता ताजं, मोजून. चोवीस दिवस, तीन रविवार धरून. रविवारीसुद्धा मी कांदिवलीहून जाऊन आले. रजिस्टरमध्ये चोवीस निळ्या ओळी आहेत, एकाखाली एक, दृष्ट लागेल अशा सुबक.

आणि सुषमाचं प्रथिन दिसेना. ती माझ्याकडून जंतू घ्यायची, मोठ्या फ्लास्कमध्ये वाढवायची, बटण दाबायची, म्हणजे ते खोटं दूध टाकायची, मग जंतू फोडून त्यांच्यातलं सगळं एका मऊ जेलीच्या पातळ वडीत उतरवायची. ही वडी निळ्या रंगात बुडवतात आणि मग व्हिनेगरच्या वासाच्या पाण्यात धुतात. फिकट पडत जाणाऱ्या निळ्यातून गडद पट्टे वर येतात, जंतूची स्वतःची शेकडो प्रथिनं, शिडीच्या पायऱ्यांसारखी. त्यात एक नवा, जाड पट्टा यायला हवा होता. पहिल्या आठवड्यात पुसट आला. दुसऱ्या आठवड्यात आहे असं तिला वाटलं, मला वाटलं नाही. तिसऱ्या आठवड्यात तिलाही नाही. ती वडी हातमोज्यावर घेऊन खिडकीशी उभी राहायची. रबराचा वास, बाहेर पांढरं ऊन, काखेत भिजलेला कुडता, आणि तिच्या हातावर ती निळी, रिकामी वडी. तो ऑक्टोबर माझ्या डोळ्यांसमोर असाच उभा राहतो.

दिवाळी झाली की आढावा समिती येणार होती. पट्टा दाखवला तर तिची शिष्यवृत्ती दोन वर्षांनी वाढणार, नाहीतर काम तिथेच बंद. घरी वडिलांनी टेलिफोन खात्यातली जागा धरून ठेवली होती. परीक्षा ती केव्हाच पास झाली होती, फक्त हजर व्हायचं होतं. वडिलांचं काही चुकत नव्हतं. तिच्या पाठच्या तीन बहिणी होत्या. तिने मला जिन्यात एकदा सांगितलं होतं की बाबा ओरडत नाहीत, नुसतं विचारतात, तुझा तो पट्टा आला का गं. रोज.

खोत सर वाईट माणूस नव्हते. पण दमले होते, आणि दमलेला माणूस सोपं कारण शोधतो. एका दुपारी माझ्या टेबलाशी चहा पीत म्हणाले की मुलगी हुशार आहे, पण हात नाही तिचा. काही जणांचा हातच नसतो.  मी तेव्हा तिची बाजू घ्यायला हवी होती, नुसतं माणुसकी म्हणून. कारण कुणाच्या हाताबद्दल लोक पटकन बोलतात आणि कुणाच्या नाही, हे कळण्याइतकी मी मोठी होते. माझ्या हाताबद्दल चौदा वर्षांत कुणी बोललं नव्हतं.

सुषमाने ते ऐकलं की नाही, मला आजही ठाऊक नाही. तिने रडारड केली नाही. कोपऱ्यावरच्या उडुपी हॉटेलातून टूथपिकचं एक खोकं आणलं आणि लोबोला ते ऑटोक्लेव्हमध्ये शिजवायला दिलं. लोबो म्हणाला, "मसाला घालू काय?" आम्ही तिघंही खूप दिवसांनी हसलो.

टूथपिकचं काम असं. माझ्या नळीतले जंतू तिने साध्या ताटलीवर विरळ पसरले. दुसऱ्या दिवशी ठिपके उगवले. तिने एकेका टूथपिकने एकेक ठिपका उचलला आणि दोन ताटल्यांवर आखलेल्या चौकटींत टेकवला: एक ताटली साधी, दुसरी अँपिसिलिनची. शंभर टूथपिक, शंभर चौकटी. पुढच्या सकाळी तिने दोन्ही ताटल्या माझ्या रजिस्टरवर शेजारी शेजारी ठेवल्या. साधीवर शंभर ठिपके, रांगोळीसारखे. औषधाच्या ताटलीवर सात.

म्हणजे शंभरातल्या त्र्याण्णव जंतूंकडे चिठ्ठीच नव्हती. त्यांनी ती टाकून दिली होती. हलके झाले होते आणि मजेत वाढत होते.

"बाई," ती म्हणाली, "तुम्ही रोज नळीत किती टाकता?"

मी म्हटलं, एक मिलिलिटर. कधी थोडं जास्तच.

"कडीने नाही?"

"कडीने काय होतंय गं. विरजण कमी पडलं तर..."

आणि मी थांबले.  खाली लोबोच्या ऑटोक्लेव्हची शिट्टी झाली, रबराच्या कारखान्यात जेवणाची घंटा झाली, आणि मी त्या दोन ताटल्यांकडे बघत राहिले. मला सगळं दिसत होतं, एकेक दिवस. कालच्या नळीत नुसते जंतू नसतात, त्यांनी गाळलेलं ते औषध फोडणारं एन्झाइमही असतं, भरपूर. मी शिगोशीग घालत होते म्हणजे तेही घालत होते. मोजून टाकलेलं ताजं अँपिसिलिन पहिल्या तासातच फुटून जात होतं. मग चिठ्ठी असली काय, नसली काय, सारखंच. मी चोवीस दिवस, तीन रविवारांसकट, सुषमाचं दीड वर्ष माझ्या नीटनेटक्या हातांनी पातळ करत गेले होते.

तिला म्हटलं, मी सरांना सांगते. ती एकदम म्हणाली, "नको बाई. म्हणतील, बाईंवर ढकलतेय. मी त्या सातातूनच परत उभं करते." पण ते सातही धड नव्हते, त्यांच्यात प्रथिन नीट बनत नव्हतं. दोन दिवसांत तिलाही ते कळलं. समिती यायला आठ दिवस उरले होते. त्या संध्याकाळी मी घरी आले तर तुमची आई दिवाळीच्या किल्ल्याची माती माखून गॅलरीत बसलेली, आणि सासूबाईंनी विरजण बाजूला काढून ठेवलेलं, झाकण घालून. मी त्या भांड्याकडे बराच वेळ पाहिलं. राग आला नाही. त्या भांड्याचं काही चुकलं नव्हतं. दह्यातल्या जंतूंकडे टाकून देण्यासारखं दुसऱ्या कुणाचं काही नसतं.

सकाळी पहिलं काम म्हणून मी सरांच्या खोलीत गेले आणि सांगितलं. उभ्यानेच. सर म्हणाले, "तुमच्याकडून?" मी म्हटलं, माझ्याकडून, तिचा हात चांगला आहे. मग मी माझ्या टेबलाशी आले, लाल शाईचं पेन काढलं. पेन सुकलं होतं. कोमट पाण्यात निब धुवावी लागली. लिहिलं: सुषमाचा वाण गेला. कारण, रोज पुढे नेताना फार जास्त घेतलं. चूक माझी. सामंत.

लाल ओळ लिहिली की वाण मुळात कुठल्या पानावर नोंदला ते शेजारी लिहायचं, हा माझाच नियम. म्हणून पानं उलटत मागे गेले, श्रावणापर्यंत. पान उघडलं आणि तिथे तो चिकटवलेला कागद होता, त्यावर पेन्सिलीचा गोल.

मी सुषमाला हाक मारली नाही. रजिस्टर उचललं आणि तिच्या टेबलावर उघडून ठेवलं. तिने वाकून पाहिलं, मग बोट न टेकवता, हवेतच त्या गोलावरून फिरवलं. म्हणाली, "हे कधी केलंत?"

चोवीस दिवस मी ज्याला रोज भरवत होते ते गेलं होतं. आणि ज्याच्याकडे मी ढुंकून पाहिलं नव्हतं, ते ऑक्टोबरच्या उकाड्यात, रजिस्टरच्या दोन पानांमध्ये कोरडं पडून होतं.

पुढचं भराभर झालं. गोल कापला, पाण्यात भिजवला. प्लास्मिड जंतूच्या पोटात घालायचं तर जंतूंना बर्फात गारठवून मग बेचाळीस अंशांच्या पाण्यात दीड मिनिट शेकतात आणि पुन्हा बर्फात घालतात. त्या धक्क्यात ते आत शिरतं. बर्फाचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. लोबो गोराईच्या मच्छीमारांच्या बर्फाची लादी बारदानात गुंडाळून घेऊन आला. दिवाळीची सुट्टी लागली होती, तरी आला. म्हणाला, हा बर्फ पापलेटांसाठी असतो, जंतूंना लावल्याचं कोणाला सांगू नका, भाव उतरेल. टेबलाला दिवसभर ओल्या मासळीचा वास येत होता. सुषमाचे दोन्ही हात त्या बर्फात, बोटं लाल झालेली, आणि ती पुटपुटत सेकंद मोजत होती. मी घड्याळ धरलं होतं. गरजच नव्हती, ती बरोबर मोजत होती. तिचा हात, खोत सर, मला वाटलं, बघून घ्या.

सकाळी औषधाच्या ताटलीवर ठिपके होते, मोजकेच, पण ठणठणीत. तिने एक उचलला, कडीने, माझ्याकडे न बघता. मी म्हटलं, एवढंसं पुरेल का गं? ती म्हणाली, "बाई, तुम्ही बाहेर जा." मग हसली.

समितीच्या आदल्या दुपारी वडी निळ्या रंगातून धुवायला घातली. व्हिनेगरचा वास डोळ्यांत चढत होता. आधी सगळं निळं. मग कडा उजळल्या. मग मधे, जिथे तीन आठवडे काही नव्हतं, तिथे एक पट्टा राहिला, आजूबाजूचा निळा उतरत गेला तसा तो जास्तच गडद होत गेला, बाकीच्या सगळ्या पायऱ्यांपेक्षा जाड.  लोबोने कुकरचा वाल्व्ह सोडला. सुषमाने वडी हातमोज्यावर घेतली, खिडकीशी नेली आणि बाहेरच्या पांढऱ्या उन्हासमोर धरली. मग खाली जाऊन रबराच्या कारखान्याच्या फाटकावरून वडिलांच्या वर्कशॉपला फोन करून आली.

समितीसमोर तिने दोन वड्या ठेवल्या, ऑक्टोबरची रिकामी आणि ही. आपलं अपयश तिने लपवलं नाही, तेही एक उत्तर म्हणून मांडलं: या प्लास्मिडचं ओझं जंतू किती लवकर टाकतो, का टाकतो, टाकू नये म्हणून काय करायचं, शंभर टूथपिकांचा पुरावा देऊन. मी मागच्या खुर्चीवर बसले होते. तिने माझं नाव घेतलं नाही. इंग्रजीत एवढंच म्हणाली की पुढे नेताना सुरुवातीचं प्रमाण जास्त झालं होतं. शिष्यवृत्ती वाढली. टेलिफोन खात्यात ती हजर झाली नाही. प्रबंधात पुढे तेच एक प्रकरण झालं. आज ती स्वतः दुसऱ्यांचे हात घडवते, दर ऑक्टोबरात एकदा मला फोन करते आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "बाई, दही आंबलं का?"

निवृत्त होताना मी ते हिरवं रजिस्टर शेवटचं चाळलं. माझ्या लाल ओळीखाली निळ्या शाईत, सुषमाच्या घाईच्या अक्षरात, दोन ओळी होत्या. कधी लिहिल्या, मला कळलंच नव्हतं. "तोच वाण श्रावणातल्या कागदावरून परत मिळाला. कागद ठेवणारी: सामंत."

रेवा, तू म्हणालीस ना, तिकडचं दही तुझ्या हातून लागत नाही आणि दुकानातल्याला चव नाही. या पत्रासोबत सेलोफेनमध्ये एक मऊ कापडाचा तुकडा आहे. सासूबाईंचं विरजण त्यावर लावून सावलीत वाळवलंय. मी आधी दोनदा करून पाहिलं. पहिलं दही जरा पातळ लागतं, त्यातून लावलेलं दुसरं जमतं. कापडावर पेन्सिलीने गोल काढलाय. तेवढाच काप, वाटीभर कोमट दुधात बुडव, आणि ईशानला सकाळपर्यंत झाकण उघडू देऊ नकोस. आणि गोलाबाहेरचं कापड टाकून देऊ नकोस. नीट घडी करून एखाद्या वहीत ठेव.